नऊ दिवसांचा पारा

मी तापमापक बोलतोय. ताप आल्यावर तुम्ही काखेत धरता तो नव्हे; तो माझा घरकोंबडा भाऊबंद. मी हवामान केंद्राच्या आवारातला. चार पायांच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मी आडवा पडलेला असतो आणि दिवसातलं सर्वांत जास्त तापमान सांगतो.

माझा गळा मुद्दाम चिंचोळा केलेला आहे. पारा एकदा वर चढला की आपणहून खाली येत नाही. संध्याकाळी कुणीतरी आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि मला हातात धरून दोन-चार झटके द्यायचे, की मी उद्यासाठी मोकळा. एवढंच काम. तेवढंही माणसांच्याने धड होत नाही.

माणसांना हवेतलं काय कळतं, ते मी पुरतं ओळखून आहे. कुंपणापाशी कपाळ पुसत उभे राहतात आणि म्हणतात, "यंदासारखं ऊन जन्मात पाहिलं नाही बुवा." मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते. आत कपाटात तीस वर्षांचे आकडे पडून आहेत, पण ते उघडून बघायला एकालाही सवड नाही.

त्या आकड्यांतून प्रत्येक महिन्याची सरासरी काढून ठेवलेली आहे. महिना संपला की आमच्या विभागाचं तापमान तिच्याशी ताडून पाहतात आणि फाटकावरच्या फळ्यावर कागद लागतो : सरासरीपेक्षा इतकं जास्त, इतकं कमी. फरक दोन अंशांच्या वर गेला, तर पुढचा महिनाभर रस्त्याची कामं दुपारी बारा ते चार बंद ठेवायची, असा नियम आहे.

तो कागद मनापासून वाचणारी एकच, आवार झाडणारी मावशी. तिचा नवरा डांबराच्या कामावर होता आणि त्याला आधीच दोनदा भोवळ आली होती.

आमचे निरीक्षक साहेब मात्र थोर गृहस्थ. खुर्चीपासून माझ्या पेटीपर्यंतची चाळीस पावलं त्यांच्या जिवावर येतात. त्या महिन्यात ते रजेचा अर्जही न देता मेहुण्याच्या लग्नाला गेले, ते नऊ दिवस तिकडेच. वही कपाटात, चावी त्यांच्या खिशात. आणि नेमके तेच नऊ दिवस भट्टीसारखे तापले. मला हात लावायची मावशीला परवानगी नव्हती, पण ती रोज संध्याकाळी दार उघडून बघायची. पाचव्या दिवशी मी चव्वेचाळीस पूर्णांक सहावर पोचलो आणि तिथेच थांबून राहिलो.

दहाव्या दिवशी सकाळी साहेब उगवले. आकडा वाचला नसेल तर वहीतलं त्या दिवसाचं घर रिकामं ठेवून खाली कारण लिहायचं असतं. कारण लिहिलं तर लग्न उघडं पडणार. मग त्यांनी डोकं चालवलं. तीस वर्षांची सरासरी काढली, एकोणचाळीस पूर्णांक एक, आणि तोच आकडा नऊच्या नऊ घरांत भरून टाकला. म्हणजे सरासरीची तुलना आता सरासरीशीच! अक्कल गहाण टाकायची तरी किती, याला काही मर्यादा?

वही काखोटीला मारून ते मला झटकायला आले, तशी झाडता झाडता खिडकीतून सारं पाहिलेली मावशी खराटा टाकून धावत आली.

"साहेब, थांबा! आधी तो आकडा लिहून घ्या."

"अहो मावशी, हा कोणत्या दिवसाचा, कुणाला ठाऊक?"

"पाचव्या दिवसाचा. मी रोज बघत होते."

"तुमचं बघणं वहीत चालत नाही."

"मग ती घरं रिकामी ठेवा. खोटं कशाला भरता? माझा माणूस दुपारचा डांबरापाशी उभा असतो हो."

साहेब जरा ओशाळले. "बरं बाई, हा एक लिहितो. झालं समाधान?" त्यांनी पाचव्या घरातला आकडा खोडून खरा लिहिला. बाकीची आठ घरं तशीच ठेवली आणि मला झटकून टाकलं. जाताना चेहऱ्यावर असा भाव, की जणू आपली जमीनच दान केली.

महिनाअखेर कागद लागला. सरासरीपेक्षा एक पूर्णांक आठ दशांश अंशांनी जास्त. ती आठ घरं नुसती रिकामी सोडली असती, तरी फरक दोनच्या वर गेला असता. मावशीने कागद दोनदा वाचला आणि खराटा उचलून झाडायला लागली.

पुढच्या महिन्यात, बाराव्या दिवशी, तिचा नवरा भर दुपारी रस्त्यावर कोसळला. जीव वाचला. आता तो घरीच असतो, बोलताना त्याला शब्द सापडत नाहीत. साहेब फळं घेऊन भेटून आले आणि शिपायाला म्हणाले, "काय करणार, यंदा ऊनच तसं होतं."

त्या माणसाच्या हातात मी रोज जातो, याची मला किळस येते.

हल्ली ते नेमाने येतात, वाचतात, लिहितात. मावशी पेटीभोवतीचं आवार झाडते, पण दार उघडत नाही. साऱ्या माणसांना तुच्छ लेखणारा मी, तिच्या लेखी त्यांच्यातलाच एक झालोय, आणि हे मला फार लागतं. मावशी, तुझ्याशी मी कधी खोटं बोललो नाही गं. आज पुन्हा चव्वेचाळीसच्या वर गेलोय. एकदा येऊन बघ ना.