भिंगरीला मोकळं सोडलं तेव्हा

पान सळसळलं तरी जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. अशा घोडीच्या पुढच्या पायाची नस दुखावली आणि डॉक्टरीणबाईंनी तिला कित्येक महिने तबेल्यातच बांधून ठेवायला सांगितलं. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता, "ताई, पाय राहील, पण हिचं डोकं फिरेल."

ताईने ते मनावर घेतलं. दाणा कमी केला, जाळीत गवत भरून टांगलं, म्हणजे तोंड कामात राहील. सकाळ-संध्याकाळ दोर धरून ती घोडीला संथ चालवायची. वडिलांच्या मागे तबेला भावाच्या नावावर झाला होता. ताईला त्यात कधी वावगं वाटलं नाही. नाव त्याचं, हात तिचे, असं ती हसून सांगायची. एरवी तबेल्याकडे न फिरकणारा भाऊ आता रोज संध्याकाळी यायचा, विचारायचा, "आज कशी चालली?" ताईला भरून यायचं. शेवटी माया ती मायाच, ती भावजयीला म्हणायची. भावजय मान खाली घालून कपड्यांच्या घड्या करत राहायची.

पाय तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सोडा. पण एकदम मोठ्या कुरणात नको. हिने उधळायला जागा पाहिली की संपलं."

ताईने कुरणाच्या कोपऱ्यात लहानसं कुंपण घातलं, जेमतेम वळता येईल एवढं. वारा पडलेली सकाळ निवडली. आधी चालवून अंगातली रग जिरवली, पायांना पट्ट्या बांधल्या, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं गुंगीचं औषध हलकं टोचलं. शेजारच्या कुंपणात आजोबा नावाचा म्हातारा घोडा आधीच चरत होता. आजोबांना गवताखेरीज जगात कशातच रस नव्हता, आणि आज तेच हवं होतं.

आत नेऊन तिने भिंगरीचं तोंड दाराकडे वळवलं, म्हणजे सुटताच लाथ झाडली तरी आपण आडवे येणार नाही. दोर सोडला आणि मागे सरकून दार लावलं. घोडीने शेपूट उभारलं, एक उडी घेतली, फुरफुरली. आजोबांनी मानसुद्धा वर केली नाही. थोडा वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग, जणू काही झालंच नाही अशी, खाली वाकून चरायला लागली.

ताईचे डोळे भरले. इतक्यात कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "वा. तुमच्या भावाने सांगितलं तसंच आहे."

भावाच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभे होते.

"कुरणात शांत उभी राहिली की विकत नेईन, असं ठरलं होतं आमचं," ते म्हणाले. "पाय दुखावला तेव्हाच."

ताईने भावाकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"तुला सांगणारच होतो, ताई."

"कधी?"

"आधी सांगितलं असतं तर तू इतकं जीव ओतून केलं असतंस का?"

"केलं असतं," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. रोज संध्याकाळची ती चौकशी आता एकेक करून आठवायला लागली, आणि भावजयीच्या त्या कपड्यांच्या घड्याही.

एकदा वाटलं, तोंडाला कुलूप लावावं. नेऊ दे, मोडू दे, कळू दे. पण पट्टीतला पाय समोर दिसत होता.

"तुमच्याकडे घोडे कसे चरतात?" तिने त्या गृहस्थांना विचारलं.

"सगळे एकत्र. मोकळेच."

"मग आठवड्यात हिचा पाय जाईल. मी बरोबर येते."

ती गेली. तिकडेही लहान कुंपण घातलं, एक मवाळ घोडी सोबतीला निवडली, कुंपण हळूहळू सरकवत मोठं केलं. भिंगरी कळपात मिसळली, कुणी हाकललं तरी न उधळता बाजूला व्हायला शिकली, तेव्हाच ताई तिच्या मानेवर हात फिरवून निघाली.

घरी आली तर भिंगरीच्या जागी एक तांबडा घोडा लंगडत उभा. भाऊ उत्साहाने पुढे आला.

"बघ ताई, तुझ्यासाठीच आणलाय. तुझं मन रमेल."

"बरा झाल्यावर कुणाकडे जायचाय?"

भाऊ पुन्हा बुटाच्या टोकाने माती उकरायला लागला. ताईने हातातली बॅग खाली ठेवलीच नाही. वाकून तिने घोड्याचा पाय चाचपला. तो गरम होता. मग दारात उभ्या भावजयीला तिने पायावर गार पाणी किती वेळ सोडायचं, पट्टी किती सैल ठेवायची, सगळं नीट समजावून सांगितलं. भावजय रडत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. "पट्टी ओली ठेवू नकोस."

डॉक्टरीणबाईंना मदतीला माणूस हवं होतं. त्याच दुपारी ती त्यांच्याकडे राहायला गेली. भाऊ अजून फोन करतो. ती उचलते, घोड्याच्या पायाबद्दल विचारते, आणि एवढं झालं की ठेवून देते.