मागून यायलीय

“मामा, मागं कुणी हाय का अजून?”

फाटकाचा एक पल्ला ओढता ओढता लिंबाजीनं विचारलं आणि भगवानरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “हाय की. यायलीय मागून.”

शब्द सुटले आणि ते परत घ्यायला भगवानरावांनी तोंड उघडलं. पण तोवर लिंबाजीनं पल्ला पुन्हा मोकळा सोडला होता. “येऊ द्या, येऊ द्या. मामीला कशाची घाई?” असं म्हणत तो शेजारच्या दगडावर ऐसपैस बसलासुद्धा.

जिंतूरहून चारठाण्याकडं जाताना मोरदऱ्याचा डोंगर लागतो. वनखात्यानं तिथं पायवाट केली, बाकडी टाकली, माथ्यावर कठडा बांधला आणि डोंगराचे दिवस पालटले. रविवारी परभणीहूनसुद्धा गाड्या येतात. माणसं वजन उतरवायला वर चढतात आणि खाली आल्यावर भज्यांच्या गाड्यावर ते पुन्हा चढवून घरी जातात. मोर आहेत, पण मोबाइल बाहेर निघेपर्यंत थांबण्याइतके ते रिकामे नाहीत. दिवस मावळताना वरची सगळी माणसं उतरली का, हे विचारून फाटक लावायचं, एवढं काम वन समितीनं लिंबाजीला दिलेलं. दिवाळी झाली की तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा, तो गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचा. मधल्या काळात त्याचा चुलतभाऊ परमेश्वर फाटक सांभाळायचा. लिंबाजी काल रात्रीच फडावरून आला होता. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

भगवानराव एसटीत कंडक्टर होते. कुणाचं बोचकं खाली राहिलं का, कुठली म्हातारी पायरीवरच अडकली का, हे वळून बघितल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडायची डबल बेल दिली नाही. आपल्या गाडीचा माणूस कधी मागं राहिला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. मात्र बायकोबरोबर चालायचं म्हटलं की हा गडी जुन्या वळणाचा. पुरुष पुढं, बाई चार पावलं मागं. भीमजयंतीला समतेवर भाषण ठोकायचे आणि विहारातून घरी येताना सुलाबाई आपली मागंच.

“भासन संपलं का?” ती मागून म्हणायची. “मंग जरा हळू चाला.”

तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासून दर रविवारी हा डोंगर ठरलेला. “साखर मला झाली अन् पळायलेत हे,” असं ती फाटकावर लिंबाजीला सांगायची आणि पदराआडची भाकरी-ठेचा त्याच्या हातावर ठेवायची. भगवानराव तोवर पहिल्या वळणावर पोचलेले असायचे. त्यांना वळून बघायची गरजच नव्हती. तिच्या चपलेचा फटफट आवाज हाच त्यांचा आरसा.

हिवाळ्यात तो आवाज लांबून यायला लागला. ती म्हणायची, “तुमी व्हा पुढं, मी येतेच.” त्यांना वाटायचं, बोरं वेचत असेल. जानेवारीत डोंगरभर बोरी लगडतात, आणि बोर दिसलं की सुलाबाईचं घड्याळ बंद पडायचं. त्या रविवारीही त्यांना तेच वाटलं. खाली येऊन त्यांनी परमेश्वरला सांगितलं, “हाय, यायलीय मागून.” गाड्यावर दोन चहा सांगितले. आपला प्यायले. तिच्या चहावर साय धरली तेव्हा कुठं ते उठले.

दुसऱ्या बाकड्याजवळच्या पळसाला टेकून ती बसली होती. पदरात बोरं होती. एक बोर मुठीत तसंच राहिलं होतं. साखरेच्या माणसाला छातीचं दुखणं कळतच नाही, असं मागून डॉक्टर म्हणाले. भगवानरावांना एवढंच कळलं की आपण वळलो नाही.

परभणीची लेक मनिषा म्हणाली होती, “बाबा, आता त्या डोंगराचं नाव काढायचं न्हाई.” आज तिला फोनवर ‘विहारात चाललोय’ अशी थाप मारून ते त्यानंतर पहिल्यांदाच इथं आले होते. चढताना फाटकावर कुणी नव्हतं. पळस लालभडक फुलला होता. त्याच्याखाली बसून आले, आणि फाटकावर हे असं होऊन बसलं.

आता खरं सांगून टाकावं, तर जीभ उचलेना. लिंबाजीच्या लेखी सुलाबाई अजून डोंगरावरच होती. दम खात, बोरीला शिव्या देत, हळूहळू उतरत होती. सगळ्या तालुक्यात असा माणूस हा एकटाच उरला होता. त्याला सांगितलं की ती इथंही मरणार होती. भगवानराव त्याच्याशेजारी दगडावर टेकले.

“औंदा ऊस कसा होता?” त्यांनी विचारलं.

“ऊस बरा होता, मुकादम वाईट होता,” लिंबाजी हसला. मग इकडंतिकडं बघून त्यानं पिशवीतून कागदात बांधलेली गुळाची लहानशी ढेप काढली. “मामा, रागवू नका. मामीनं मागवलाय. जायच्या येळेला म्हनली, लिंब्या, तिकडल्या गुऱ्हाळाचा गूळ आण रे, लय वास सुटतो म्हणं. अन् ह्यांना कळू देऊ नको.”

“मला कळू देऊ नको म्हनली?”

“व्हय. म्हनली, ते काय मागं वळून बघायलेत का? मी आपली तुकडा तोंडात टाकून चालीन.”

भगवानरावांना हसू आलं. खरोखरचं हसू आलं, आणि ते ओठावर असतानाच डोळे भरून आले. त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं.

उजेड कमी झाला. भज्यांचा गाडा आवरून गेला. लिंबाजीची चुळबुळ सुरू झाली. त्यानं बॅटरी घेतली. “लय येळ झाला की मामा. अंधारात पाय सरकंल त्यांचा. जाऊन घेऊन येतो मी.”

“थांब.”

“तुमी बसा की.” तो चार पावलं चढला आणि हात तोंडाशी नेऊन त्यानं मोठ्यानं हाक मारली, “मामीऽऽ! ओ मामीऽऽ!”

दरीतून हाक जशीच्या तशी परत आली. भगवानराव ताडकन उठले.

“लिंबाजी, हाक मारू नको रे! न्हाई यायची ती.”

लिंबाजी वळला.

“जानेवारीतच गेली. वर, दुसऱ्या बाकड्यापाशी. मी पुढं होतो.” त्यांनी फाटकाचा गज धरला. “थकली होती रे ती. बोलवत होती की काय, तेबी ठावं न्हाई. जल्मभर लोकांसाठी मागं वळून बघितलं. तिच्यासाठी एकडाव वळलो न्हाई.”

लिंबाजी खाली आला. त्याच्या हातातली बॅटरी पेटलेलीच होती. विझवायचं त्याला सुचलं नाही. मग तो भगवानरावांच्या पायाशी उकिडवा बसला आणि उपरण्यात तोंड घालून पोरासारखा रडला. तिची भाकरी त्यानं कैक वर्षं खाल्ली होती. भगवानराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तीन महिने लोक त्यांची समजूत घालत होते. आज पहिल्यांदा दुसऱ्याची समजूत घालायची पाळी त्यांच्यावर आली होती.

“आण तो गूळ,” ते शेवटी म्हणाले.

“राहू द्या मामा. आता कशाला?”

“तिनं मागवलेला हाय.”

त्यांनी ढेप घेतली, धोतराच्या सोग्यात नीट गुंडाळली आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं. दोन पावलं गेले आणि थांबले.

मग ते वळले. पायवाट अजून अंधूक दिसत होती. पहिलं वळण, त्याच्या वरचं बाकडं, बोरीची जाळी, आणि त्याच्यावर पळसाचा काळा झालेला आकार. शेवटच्या स्टॉपवर गाडीतलं एकेक बाक बघत जावं तशी त्यांनी सगळी वाट सावकाश बघितली. घाई केली नाही.

“न्हाई कुणी मागं,” ते म्हणाले. “लाव फाटक.”

आणि बोटांच्या पेरांनी त्यांनी लोखंडी गजावर दोनदा वाजवलं.

लिंबाजीनं एक पल्ला ओढला. दुसरा हातात धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.