दोघांना एकच बोट

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला इटरेटर आहे. प्रोग्राममधल्या यादीवर बोट ठेवायचे आणि कोणी मागितले की पुढचे नाव द्यायचे, एवढेच माझे काम.

एका लहान रुग्णालयासाठी एका प्रोग्रामरने मला घडवले. त्याने मला वेगळी जागा दिली नाही. रुग्णांच्या यादीच्याच पोटात बसवले. तेव्हा नावे मागणारी एकटी नर्स होती, औषधे वाटायला. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत मी एकही नाव गाळले नाही. "ह्याचं कध्धी चुकत नाही बाई!" ती म्हणायची. प्रोग्रामर उगाच चष्मा पुसत बसायचा.

पुढे तो आजारी पडला आणि गेला. त्यानंतर जेवणाच्या ताटांसाठी स्वयंपाकघरालाही माझ्याशीच जोडले. एका दुपारी दोघांनी एकदम नावे मागितली. बोट एकच. नर्सला एक नाव दिले की मी पुढे सरकायचो, आणि पुढचे नाव स्वयंपाकघराला जायचे. कोणाला नुसते औषध मिळाले, कोणाला नुसते ताट.

एका आजोबांना इन्सुलिन मिळाले, जेवण नाही.

"आजोबा, जेवलात ना?" नर्सने विचारले.

"ताटच आलं नाही गं पोरी. म्हटलं, डॉक्टरांनी उपाशी ठेवलं असेल." साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला होता. तिने धावत साखरपाणी आणून पाजले, म्हणून निभावले.

"ती जुनी अडगळ काढून टाका!" व्यवस्थापक कडाडले.

काम आले प्रोग्रामरच्या मुलीकडे. तीही प्रोग्रामरच आहे. तिने मला पुन्हा पुन्हा वाचले.

"चूक बाबांचीच आहे," ती नर्सला म्हणाली. "पण एकट्याच्यानं दोघांचं होणार कसं? बाबांचंही तेच केलं आपण. रुग्णालयातून तुम्ही हाका मारायच्या, घरून आम्ही."



मुलीने यादीच्या पोटातून बोट काढून घेतले. आता जो नावे मागेल, त्याला यादी नवाकोरा इटरेटर देते. नर्सचा वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा. आपली एक फेरी पुरी झाली की तो सुटतो. दुसऱ्या दिवशी आजोबांचे ताट वेळेवर आले. "भाजीत मीठ नाही," त्यांनी तक्रार केली.

माझ्या कोडच्या ओळी उद्या पुसल्या जातील. मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, कधीही न चुकणाऱ्यावर आणखी एक काम टाकण्याआधी, तो दमला आहे का ते पाहा. तो आपणहून सांगणार नाही.