दहातले पाच

“चमचा, खिडकी, ढग...” टेकू थांबला.

समोर क्लबच्या डॉक्टरबाई कागद घेऊन बसल्या होत्या. मघाशी त्यांनी दहा शब्द वाचून दाखवले होते. मग त्याला एका पायावर उभं केलं, उलटे महिने म्हणायला लावले आणि आता तेच दहा शब्द परत मागत होत्या. खोलीत मलमाचा वास कोंडला होता. टेकूनं छताकडे पाहिलं, जणू उरलेले शब्द तिथंच चिकटवून ठेवले होते.

“साबण,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “घोडा.”

“अजून?”

“संपले.”

“पाच.” डॉक्टरबाईंनी आकडा लिहिला आणि जुनी पानं चाळली. “गेल्या वर्षी पाच, त्याआधी सहा, त्याआधी पाच. घड्याळासारखा आहेस रे बाबा! खेळायला मोकळा. जा, पुढच्याला पाठव.”

टेकू उठला नाही. मग उठला.

टेकू हे त्याचं क्लबातलं नाव. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ गडी खाली वाकून रेड्यांसारखे भिडतात, तेव्हा पहिल्या रांगेत तिघं असतात. मधल्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, म्हणजे त्याची मान पूर्णपणे त्या दोघांच्या भरवशावर. टेकू उजवीकडचा. अकरा वर्षं त्यानं पोटासाठी हेच केलं होतं. चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे फोटो छापून येतात. टेकूचा एकदा आला होता, तोही पाठमोरा. चेंडू रेषेपार टेकवून गुण मिळवायचा योग दोनदा आला आणि त्यातला एक पंचांनी रद्द केला. पण त्याच्या बाजूनं रांग मोडली, असं कुणी म्हणू शकलं नसतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

पहिल्याच वर्षी एका जुन्या खेळाडूनं त्याला शहाणं केलं होतं. हंगामाआधी डोकं ठणठणीत असताना ही परीक्षा होते. पुढं सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परत घेतात. आकडा घसरला तर बसा बाकावर.

“मग आधीच हुशारी कशाला पाजळायची?” जुना खेळाडू म्हणाला होता. “आज मठ्ठ राहा, वर्षभर खेळ. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

सगळा संघ हेच करायचा. टेकूला दहाच्या दहा शब्द पाठ व्हायचे. तो त्यातले पाच-सहा सांगायचा आणि उरलेले ओठांत दाबून बाहेर यायचा. बाहेर आल्यावर ते रांगेतल्या आपल्या मधल्याला घडाघडा म्हणून दाखवायचे, हा त्यांचा दरवर्षीचा खेळ होता.

या वर्षी मात्र त्यानं कुणाला न सांगता ठरवलं होतं, की आज दहाच्या दहा सांगायचे. कारण त्याची बायको. महिन्यापूर्वी जेवताना त्यानं तिला एक विनोद सांगितला. ती हसली आणि मग म्हणाली, “आज तिसऱ्यांदा सांगितलास. मी तिन्ही वेळा हसले. लक्षात तरी आलं का तुझ्या?” बाई टपाल कचेरीत कामाला, उगाच त्रागा करणारी नव्हे. ती ताटं उचलून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून तशीच उभी राहिली. म्हणून त्याला स्वतःपुरतं बघायचं होतं. आज त्यानं जीव तोडून आठवलं होतं.

बाहेर बाकावर मधला बसला होता. बुटका, चिवट, सात वर्षांचा जोडीदार.

“किती?”

“पाच.”

“शाबास! नाटकात जायला हवं होतंस तू.” मधल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “चल, म्हण आता उरलेले पाच.”

टेकूनं वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

“अरे म्हण की!”

“जा तू आत,” टेकू म्हणाला. “तुला बोलावलंय.”

मधला मान चोळत आत गेला. ही मान टेकूमुळेच धरली होती. गेल्या आठवड्यात सरावाला “वाका, धरा, भिडा” अशी हाक ठरल्याप्रमाणे आली आणि टेकू ‘धरा’लाच भिडला. मधला खालच्या खाली पिळवटला. “होतं रे,” म्हणाला आणि प्रशिक्षकांना सांगितलं की माझाच पाय घसरला.

टेकू बाकावर बसला. मूग गिळून बसलं तर अजून एक वर्ष नक्की मिळणार होतं. त्याला खेळायचं होतं, अगदी पोटातून खेळायचं होतं; दुसरं काही त्याला येतही नव्हतं. त्यानं आतून ऐकू येणाऱ्या डॉक्टरबाईंच्या आवाजाकडे कान लावले. शब्द सुरू झाले होते. तिसऱ्या शब्दाला त्यानं दार ढकललं.

“बाई, ते माझे जुने आकडे खोटे आहेत.”

डॉक्टरबाई थांबल्या. मधला खुर्चीतच ताठ झाला.

“खोटे म्हणजे?”

“मुद्दाम कमी सांगायचो. अकरा वर्षं.”

“आणि आज?”

“आज नाही.”

डॉक्टरबाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी हळूच विचारलं, “घरून कसा आलास?”

“गाडी चालवत.”

“चावी ठेव इथं. मोठ्या डॉक्टरांकडं जाऊ आपण, मी वेळ घेते. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही, सरावालाही नाही.”

त्यानं चावी टेबलावर ठेवली. मधल्यानं ती उचलली.

“मी सोडतो याला. माझी परीक्षा उद्या घ्या,” तो डॉक्टरबाईंना म्हणाला. दारात तो परत वळला. “आणि माझेही जुने कागद फाडून टाका.”

टेकूची गाडी मधल्यानं रस्त्यावर काढली. सात वर्षांत मधला टेकूच्या घरी शंभरदा तरी जेवला असेल. तरी पहिल्या चौकात त्यानं गाडीचा वेग कमी केला.

“कुठं वळू?”

टेकूनं त्याच्याकडे पाहिलं. मित्र काय करतोय ते त्याला कळलं आणि त्याला रडू आलं, पण ते त्यानं आवरलं.

“डावीकडं,” तो म्हणाला.

पुढच्या चौकातही मधल्यानं विचारलं. मागची गाडी भोंगा वाजवत होती, तरी तो उत्तर येईपर्यंत थांबला.

“सरळ,” टेकू म्हणाला. “औषधाच्या दुकानानंतर उजवीकडं.”

आणि ते बरोबर होतं.