कोचची मुलगी

माझा नवरा आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि शनिवारी दहा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. तेही फुकट. मला त्याचं कौतुक होतं. होतं असंच म्हणायचं, कारण त्या संघात आमची लेकही आहे आणि गेल्या पाच शनिवारांत तिच्या वाट्याला एक मिनिटाचाही सामना आलेला नाही.

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. ती गोलात उभी असली की चेंडू आत जाणं मुश्कील. हे मी आई म्हणून सांगत नाही, समोरच्या संघाच्या आयाही सांगतात. पण तिने गोल सांभाळायचा तो फक्त सामन्याआधीच्या सरावात, दातांच्या डॉक्टरांचे चिरंजीव उगवेपर्यंत. ते आले की आमचे कोच ओरडणार, "भिंगरे!" की ही मुकाट्याने हातमोजे काढून त्याला देणार आणि बाटल्यांशेजारी येऊन बसणार. तो पोरगा बिचारा चेंडू आला की डोळेच मिटतो. या शनिवारी आम्ही चार गोल खाल्ले.

गाडीत मी दातओठ खात गप्प बसले, कारण ती मागे होती. घरी आल्या आल्या स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"पोटच्या पोरीशी काय वैर आहे रे तुझं?"

"हळू बोल. लोक म्हणतील, बाप कोच आहे म्हणून खेळवतो."

"म्हणू देत की! आणि चार गोल झाल्यावर काय म्हणाले? आरती ओवाळली?"

"अगं, ती आपली आहे, समजून घेते. दुसऱ्याच्या पोराला बाहेर बसवलं तर वाईट दिसतं."

"नऊ वर्षांची आहे ती! तिने अजून काय काय समजून घ्यायचं?"

त्यावर हा शहाणा काय म्हणाला? "उद्या तळ्यावर नेऊ या तिला. होडीत बसवू. खूश होईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत चांगुलपणा याने मिरवायचा आणि झीज पोरीने सोसायची! वर होडीची लाच. रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपले.

रविवारी तळ्यावर चटई अंथरतोय तोच शेजारच्या हिरवळीवरची मुलं आली. दोन बाजूंना चपला ठेवून त्यांनी गोलाच्या खुणा केल्या होत्या आणि एक भिडू कमी पडत होता. भिंगरी होडी विसरून धावली. पहिलाच जोरदार फटका तिने आडवी झेप घेऊन अडवला, दुसरा पायाने परतवला. कोपरं मातीने भरली आणि ती खदाखदा हसत होती. असं हसताना मी तिला किती दिवसांनी पाहत होते! माझा राग उतरला नाही, उलट आणखी चढला.

तिसरा चेंडू तिने हवेत झेलला तेव्हा नवऱ्याला राहवलं नाही. तो ताडकन उठला आणि टाळ्या वाजवत ओरडला, "भिंगरे!"

ती थबकली. हसू पुसलं गेलं. हातातला चेंडू तिने बाजूला खेळ बघत उभ्या असलेल्या एका मुलीला दिला, तिला चपलांच्या मध्ये उभं केलं आणि धावत आमच्याकडे आली. आली ती थेट पाण्याच्या बाटलीशेजारी मांडी घालून बसली.

"अगं, का आलीस? मी शाब्बास म्हणत होतो!" नवरा म्हणाला.

"असू दे बाबा," ती कोपराची माती झटकत म्हणाली. "तिला पण खेळू दे. मीच खेळत राहिले तर वाईट दिसतं."

काल स्वयंपाकघराचं दार मी नुसतं लोटलं होतं, लावलं नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. काल रात्रीपासून मी जिभेवर आणून ठेवलेलं सगळं पोरीने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून "जा गं, जा, खेळ" म्हणत राहिला. ती जागची हलली नाही.