संबंधित हरवला आहे

एकोणीस वर्षं मी पेपरात ‘कानाकोपरा’ हे सदर लिहितोय आणि प्रत्येक बातमी एकाच वाक्यानं संपवतोय: संबंधितांनी लक्ष द्यावे. आत्याच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तेव्हाही तीनदा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा आत्यानं पेपर बाजूला भिरकावला.

“हा संबंधित राहतो कुठे रे? एवढं ओरडतोयस, ठार बहिरा आहे का मेला?”

“अगं, ती लिहायची पद्धत असते.”

“पद्धतीनं उजेड पडत नाही.”

आत्यानं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. मोघम माप तिला खपत नाही. तिनं सुनेकडून ब्लॉग उघडून घेतला आणि पहिलीच नोंद टाकली: ‘संबंधित हरवला आहे. कोणी पाहिलाय का?’

दोन दिवसांत चारशे उत्तरं! ‘पाण्याच्या ऑफिसात होता, जेवायला गेलाय.’ ‘आमचे साडू असतील, तेही कशातच लक्ष घालत नाहीत.’ एका निवृत्त कारकुनानं तर पालिकेत कुठल्या टेबलावर कोण बसतं, याची फोन नंबरांसकट यादीच टाकली. ती यादी मिळवायचं मला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

संपादकांनी बोलावलं. “संबंधित तुमच्या आत्याला आधी सापडला, तर कानाकोपरा बंद.”

मी हसलो. पण खरं सांगायचं तर, त्या सदराशिवाय मला दुसरं येतंय काय?

त्याच दुपारी दिवाबत्ती विभागातल्या बाईंनी ब्लॉगवर लिहिलं: ‘आम्ही लक्ष दिलं होतं. खांबाचा नंबर कळवा, अशी तीन पत्रं पेपरच्या वार्ताहरांना पाठवली. संबंधितांनी उत्तर दिलं नाही.’

मी खण उपसला. तिन्ही पत्रं होती, बंद. सदराला आलेली पत्रं मी उघडत नाही. लोक शुद्धलेखनाच्या चुका काढतात.

धावत आत्याकडे गेलो. “आत्या, पाया पडतो, माझं नाव टाकू नकोस. सदर जाईल.”

तिनं चष्म्यावरून पाहिलं. “खांबाचा नंबर काय?”

तो अजूनही माहीत नव्हता. मुकाट्यानं बाहेर जाऊन वाचून आलो.

शुक्रवारी दिवा लागला. आत्यानं लिहिलं: ‘संबंधित सापडला. आमचाच भाचा. मनानं चांगला आहे, फक्त पत्रं उघडत नाही.’

सदर गेलं. मी आत्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी, लोक मला किती हसतायत ते बघायला, तिचा ब्लॉग उघडला. हसत होतेच. पण मधेच एका आजोबांनी लिहिलं होतं: ‘संबंधित साहेब, आमच्या जिन्याखाली गटार फुटलंय. याल का?’

एकोणीस वर्षांत मला असं कोणी बोलावलं नव्हतं. मी पत्ता विचारला आणि चपला घातल्या.