धनश्रीचा दुसरा प्रश्न

मी आता जुना झालेला लॅपटॉप आहे. उमेदीची वर्षं पुण्याच्या एका ऑफिसात गेली. तिथून निघालो तो संगमनेरच्या एका दुकानात धूळ खात पडलो, आणि मग प्रोग्रामिंग शिकणाऱ्या धनश्रीनं मला विकत घेतलं, तेव्हा तिच्या गावी, देवळाली प्रवराला आलो. बॅटरी टिकत नाही, म्हणून कायम वायरीला बांधलेला असतो.

मित्रांनो, धनश्रीनं माझ्यावर एक प्रोग्राम लिहिला. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची कधी, ते शेतकऱ्यांना आदल्या दिवशी मोबाईलवर कळायचं. पाणीवापर संस्थेचे आप्पासाहेब गावभर कौतुक सांगत सुटले.

मग एका सकाळी शेजारच्या पुष्पावतीकाकू दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, मेसेज आलाच न्हाई. पाणी माझं वावर सोडून फुडं गेलं. कांद्यानं माना टाकल्यात."

आप्पासाहेब म्हणाले, "फुडच्या पाळीआधी दुरुस्त कर. न्हाईतर पाळ्या लिहायचा आपला जुना फळाच बरा."

धनश्रीनं सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना. शेवटी प्रोग्रामरांच्या एका ऑनलाइन मंचावर तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, "माझा प्रोग्राम चालत नाही. मदत करा."

एकानं उत्तर दिलं, "एवढंही जमत नसेल तर सोडून दे."

तिनं मला खाडकन मिटलं.

पण जेवण झाल्यावर परत उघडलं. खाली आणखी कुणीतरी लिहिलं होतं, "काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ते नीट सांग."

"ह्याचं बरोबर हाय," ती पुटपुटली आणि पदर खोचल्यासारखी बसली. नको ते काढत काढत प्रोग्राम चार ओळींवर आणला. तेव्हा तिला दिसलं, मेसेज चुकतात ते फक्त महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचे. तेच तिनं लिहिलं.

त्याच अनोळखी माणसाचं उत्तर आलं, "महिने बाराच, म्हणून बारापर्यंतच्या दिवसाला तुझा प्रोग्राम महिना समजतोय. आधी दिवस, मग महिना, असं त्याला स्पष्ट सांग."

तिनं तसं केलं. पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी काकूंना मेसेज गेला. तरी पाळीच्या दिवशी धनश्री खात्री करायला स्वतः पाटावर गेली. परतली तेव्हा पाय चिखलानं भरले होते. हात पुसून तिनं त्या उत्तराखाली लिहिलं, "कांद्याला पाणी मिळालं. आभारी आहे."

आता नवख्यांच्या प्रश्नांना ती स्वतः उत्तरं देते. मी हळू चालतो, पण ती थांबते.

मित्रांनो, माझे थोडेच दिवस उरलेत, म्हणून एवढंच मागतो. अडलात तर विचारा, आणि काय काय करून पाहिलं तेही सांगा. कुणी विचारलं तर हसू नका. त्या प्रश्नामागे कुणाचं वावर तहानलेलं आहे, ते माझ्या पडद्यावर दिसत नाही.